टायर बसता बसेना

मालाडला मार्वे रोडवर किंवा एस. व्ही. रोडवर स्कूटरचं ट्यूबलेस टायर पंक्चर झालं, तर कोणी फारसं हवालदिल होत नाही. नाक्यावरचा पंक्चरवाला चाक खोलतसुद्धा नाही. पक्कडीने खिळा उपसतो, भोकात कानशीसारखी सळई फिरवतो, सोल्यूशन लावलेली रबराची पट्टी टोच्याने आत ढकलतो, बाहेर राहिलेली टोकं ब्लेडने कापतो आणि हवा मारतो. पाच-सात मिनिटांचं काम. याच माणसापुढे सायकलची रिकामी रिम आणि खोक्यातून नुकतंच काढलेलं ट्यूबलेस टायर ठेवा. तो ते उलटसुलट करून बघेल आणि विचारेल, “इसका ट्यूब किधर है?”

प्रश्न अगदीच गैर नाही. स्कूटर शोरूममधून बाहेर पडते तेव्हा तिचं टायर रिमवर बसलेलं असतं आणि पंक्चर काढताना ते आपली जागा सोडत नाही. बदलायची वेळ आली तरी नवं टायर जाड आणि ताठ. त्याच्या कडा आपल्या आपण रिमच्या भिंतींना टेकून राहतात. सायकलचं टायर घडी होऊन आलेलं असतं. त्याच्या कडेत पोलादी तारेऐवजी अ‍ॅरामिडचा, म्हणजे केव्हलारच्या जातीचा धागा असतो, म्हणून तर घडी होते. रिमवर चढवलं की ते ढिलं पडून राहतं, कुठे आत, कुठे बाहेर. उभ्या पंपाने वीस दट्टे मारा, पन्नास मारा. घातलेली हवा फुसफुसत बाजूने निघून जाते आणि काटा शून्यावरून हलत नाही. घरी ट्यूबलेस बसवू पाहणारे बहुतेक जण इथेच हात टेकतात.

आपला पंप कमजोर आहे, जोर कमी पडतो, असा त्यांचा समज होतो. पण इथे जोराला फारसं महत्त्व नाही, वेगाला आहे. तळाला भोक असलेली बादली नळाखाली भरेल की नाही, हे पाणी किती जोरात पडतं यावर ठरत नाही. मिनिटाला किती आत येतं आणि किती गळतं यावर ठरतं. सकाळी पाण्याची वेळ सांभाळणाऱ्या मालाडकराला हे वेगळं सांगायला नको. टायरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आत येणारी हवा गळणाऱ्या हवेपेक्षा क्षणभर जरी जास्त झाली, तरी आतला दाब थोडा चढतो. तो दाब कडांना बाहेर ढकलतो, कडा रिमजवळ सरकल्या की फट अरुंद होते, फट अरुंद झाली की गळती घटते आणि दाब आणखी चढतो. एकदा हे चक्र सुरू झालं की पुढचं काम हवाच करते. ते सुरू होईपर्यंत मात्र घामाखेरीज काही हाती लागत नाही. या प्रकरणात पुढे येणारी प्रत्येक युक्ती यातल्या एकाच कामासाठी आहे: एक तर गळती कमी करायची, नाहीतर आत येणाऱ्या हवेचा लोंढा वाढवायचा.

रिम आडवी कापली तर कशी दिसेल, ते डोळ्यांपुढे आणा. दोन बाजूंना उभ्या भिंती. भिंतीच्या पायथ्याशी आतल्या अंगाला एक अरुंद सपाट पट्टी; टायरची कड शेवटी जिथे विसावायची ती ही बैठक. चांगल्या ट्यूबलेस रिमला बैठकीच्या आतल्या काठावर जेमतेम जाणवेल एवढा उंचवटा ठेवलेला असतो, कड परत आत घसरू नये म्हणून. आणि दोन बैठकींच्या मधोमध खोल खाच. ही खाच कशासाठी? टायरची कड ताणली जात नाही, जाता कामा नये. ताणली गेली तर धावता धावता टायर रिमवरून उडेल. मग न ताणणारी कड भिंतीवरून चढवायची कशी? एका बाजूची कड मधल्या खाचेत उतरवायची. तिथे घेर लहान, त्यामुळे समोरच्या बाजूला थोडी ढील मिळते आणि टायर चढतं.

ही अक्कल चार्ल्स वेल्च नावाच्या इंग्रजाची, १८९० सालची. त्याच्या दोनच वर्षं आधी बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, पण ते टायर रिमला चिकटवून कापडाने गुंडाळावं लागे आणि पंक्चर काढणं म्हणजे तासन्‌तासांची झटापट. डनलॉपच्या कंपनीने वेल्चचं पेटंट विकत घेतलं ते उगाच नाही. तिकडे फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये सुटं करता येणारं टायर आणलं, आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ या सायकलपटूने त्यावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकून त्याची जाहिरात केली. टायर हाताने काढता-घालता येणं ही आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, की तिच्यामागे कोणी डोकं चालवलं असेल हे ध्यानातच येत नाही.

जी खाच टायर चढवायला उपयोगी पडते तीच हवा भरताना आडवी येते. चढवून झाल्यावर कडा खाचेत पडून असतात. त्यांना तिथून उचलून बैठकीवर न्यायचं असतं. ट्यूब असली की हे काम ट्यूब बिनबोभाट करते: फुगते आणि कडांना ढकलत जागेवर नेते. ट्यूब काढून टाकली की तो हमालही गेला.

मोटारींनी ट्यूब बरीच आधी टाकली. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने फ्रँक हर्झेगच्या कामातून १९४७ मध्ये ट्यूबलेस टायर जाहीर केलं, आणि १९५५ पर्यंत तिथल्या नव्या गाड्या सर्रास त्यावर बाहेर पडू लागल्या. सायकलला आणखी चार-साडेचार दशकं लागली. कारण साधं आहे. मोटारीची रिम सलग पत्र्याची; सायकलच्या रिमला आरे बसवायला अठ्ठावीस किंवा बत्तीस भोकं, आणि प्रत्येक भोक म्हणजे हवेला मोकळं दार. १९९९ मध्ये माविक या फ्रेंच कंपनीने मिशेलिन आणि हचिन्सनला बरोबर घेऊन यूएसटी नावाची पद्धत आणली. तिच्यात आतल्या बाजूला भोकंच नव्हती आणि टायर-रिमची मापं एकमेकांशी नेमकी जुळवलेली होती. पद्धत उत्तम, पण वजनदार आणि महागडी. पुढे अमेरिकेतल्या स्टॅन कोझियाटेकने उलटा रस्ता धरला: नेहमीची भोकांची रिम घ्या, भोकांवरून चिकटपट्टी ताणा, टायरमध्ये रबराचा पातळ चीक ओता, बारीकसारीक गळती तो चीक बुजवील. आज दुकानात ‘ट्यूबलेस-रेडी’ म्हणून जे मिळतं ते याच वाटेने आलेलं आहे. ‘रेडी’चा अर्थ एवढाच, की बाकीचं तुम्ही करायचं.

पण करायचं का, हे आधी ठरवा. एव्हरशाइन नगरहून माइंडस्पेसला कामावर जाण्यापुरती सायकल असेल तर ट्यूबच बरी. पंक्चर कुठेही निघतं, ट्यूब कुठेही मिळते, आणि ट्यूबलेसची देखभाल म्हणजे मागे लावून घेतलेलं एक काम. ज्यांना मार्वे जेट्टीवरून बोट धरून मनोरी, गोराई, उत्तनकडे जायचं असतं, मढ-आक्साच्या रस्त्यांवर पहाट घालवायची असते, त्यांना फरक कळतो. ट्यूबच्या टायरात दाब कमी ठेवला तर खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नाही म्हटल्यावर चिमटणार काय? मग ३२ मिलिमीटरच्या टायरात ८० पीएसआयऐवजी ५०-५५ ठेवून चालतं आणि पावसाळ्यानंतरचा मार्वे रोड निदान मणक्यापर्यंत पोचत नाही. काचेच्या बारीक चुऱ्याने, खिळ्यांनी, तारेच्या तुकड्यांनी होणारी पंक्चरं तर बऱ्याचदा झालेली कळतसुद्धा नाहीत.

दुसरं ठरवायचं ते मापाचं, आणि इथे आपल्याकडे एक खास घोटाळा आहे. दुकानात ‘अठ्ठावीसचं टायर’ मागितलं तर तीन वेगळ्या वस्तू पुढ्यात येऊ शकतात. दूधवाल्याच्या काळ्या रोडस्टर सायकलचं २८ इंची टायर, ज्याच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर. आजच्या हायब्रिड आणि रोड सायकलींचं ७००सी, ज्यालाही काही ठिकाणी २८ इंच म्हणतात, त्याचा व्यास ६२२. आणि ७००सीमधलंच २८ मिलिमीटर रुंदीचं. इंचांकडे बघूच नका. टायरच्या बाजूला ३२-६२२ किंवा ५७-५८४ असा जोड आकडा उमटवलेला असतो; त्यातला दुसरा तोच बैठकीचा व्यास, आणि रिमवरही तोच असला पाहिजे. ट्यूबलेसमध्ये हे अधिकच महत्त्वाचं, कारण इथे मिलिमीटरच्या अंशावर हवा अडते की गळते ते ठरतं. रोडस्टरच्या पोलादी एकपदरी रिमला ना धड बैठक असते ना उंचवटा; तिच्यावर हा प्रयोग करू नये. टायर आणि रिम दोन्हींवर ट्यूबलेस असं लिहिलेलं असेल तरच पुढे जा.

खरी मेहनत टेपवर, म्हणजे आऱ्यांच्या भोकांवर ताणायच्या त्या चिकटपट्टीवर घ्यायची. टायर बसत नाही म्हणून लोक पंपाला शिव्या देतात, पण निम्म्या वेळा दोष टेपचा असतो. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिलिमीटर जास्त रुंद हवी, म्हणजे मधल्या खाचेत उतरूनही दोन्ही बैठकी झाकून भिंतीच्या पायथ्याशी पोचते. सायकलच्या ब्रँडची नको असेल तर टेसा ४२८९ ही कारखान्यांत वापरली जाणारी टेप जगभरचे सायकलवाले वापरतात. घरातली इन्सुलेशन टेप किंवा पुड्या बांधायची चिकटपट्टी मात्र नको. आधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. जुन्या टेपचा चिकटा, ग्रीस, बोटांचे डाग, सगळं. पावसाळ्यात मालाडच्या हवेत रिमच्या पोकळीत ओल राहते, वरून कोरडी दिसली तरी. रात्रभर पंख्याखाली ठेवलेली बरी.

टेप लावताना चाक दोन गुडघ्यांत धरा, किंवा सायकल उलटी करून तिच्यातच राहू द्या. सुरुवात वॉल्व्हच्या भोकाच्या थोडी अलीकडून करा आणि पूर्ण फेरा मारून भोकाच्या पलीकडे जा, म्हणजे भोकावर दुहेरी थर येईल. एका हाताने टेप चांगली ताणायची, इतकी की ती किंचित अरुंद होतेय असं वाटावं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आधी मधोमध खाचेत दाबायची, मग तिथून दोन्ही बाजूंना. ताण ढिला पडला की टेप खाचेवर तंबू ठोकते. वरून छान गुळगुळीत दिसते, पण खाली हवेला बोगदा मिळतो. पुढे दाब चढला की टेप तिथे फाटते नाहीतर बाजूने उचकटते. फेरा झाला की कापड घेऊन सगळीकडून घासा. पांढुरके बुडबुडे दिसतील ते भिंतीकडे सारत न्या. प्रत्येक आऱ्याच्या भोकावर टेप किंचित खोलगट झालेली दिसली तर समजा बसली.

वॉल्व्हसाठी टेपला भोक पाडताना कात्री किंवा कटर चालवू नका. चिरेचं टोक पुढे पुढे फाटत जातं. दाभण गॅसवर तापवून खुपसली तर भोकाची कडा वितळून गोल आणि घट्ट होते. वॉल्व्ह आतून खाली दाबून बाहेरची चकती बोटांनी आवळा. पक्कड लावून आवळली तर घट्ट नक्कीच होईल, पण भररस्त्यात ट्यूब घालायची पाळी येते तेव्हा ती बोटांनी सुटत नाही.

टायरची घडी मोडायला त्याला तासभर उन्हात टाका. गॅलरीत एप्रिल-मेचं ऊन असेल तर अर्धा तासही पुष्कळ. मऊ झालं की कडा हाताने बाहेर पसरा. मग दिशा बघून, टायरवरचा बाण पुढे धावण्याच्या बाजूला ठेवून, आधी एक कड चढवा, मग दुसरी. दुसरी कड वॉल्व्हच्या समोरून सुरू करून वॉल्व्हपाशी संपवायची, कारण वॉल्व्हचं बूड खाचेत बसलेलं असतं आणि तिथे कडेला खाली उतरायला जागा नसते. समोरच्या बाजूला ती पूर्ण खाचेत उतरली असेल तर शेवटचा टप्पा अंगठ्यांनीच चढतो. लोखंडी पाना तर आणूच नका, टेप फाटते. झालं की वॉल्व्ह बाहेरून थोडा आत दाबून सोडा. त्याचं बूड दोन्ही कडांच्या मधे पाहिजे. एखादी कड बुडाखाली अडकून राहिली तर जगातला कुठलाही कॉम्प्रेसर ते टायर बसवू शकणार नाही.

आता भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवा, दाटसर फेस करा आणि जुन्या ब्रशने दोन्ही कडांना फिरवा. साबणाचा दुहेरी उपयोग आहे. फेस बारीक फटी बुजवतो, म्हणजे गळती कमी. आणि कड बैठकीवर चढताना घर्षण कमी होतं. हात आखडता घेऊ नका.

मग हवा. थोडं गणित करू, ढोबळ. ३२ मिलिमीटर रुंदीच्या ७००सी टायरात साधारण दीड-पावणेदोन लिटर हवा मावते. डोंगरी सायकलच्या सव्वादोन इंची टायरात पाच लिटरहून थोडी जास्त. उभ्या पंपाचा एक दट्टा पाव लिटरपासून एक तृतीयांश लिटरपर्यंत हवा देतो. म्हणजे काहीही गळत नाही असं धरलं तरी डोंगरी टायर नुसतं आकारात यायला पंधरा-वीस दट्टे हवेत, आणि दोन दट्ट्यांच्या मधे आपण दांडा वर ओढतो तेवढ्या वेळात भरलेली हवा निघून जाते. आता पंक्चरवाल्याची टाकी बघा. ५० लिटरची टाकी ७ बारवर भरलेली असेल तर तिच्यात साडेतीनशे लिटर मोकळी हवा दाबून बसवलेली आहे, आणि ती एका श्वासात सुटू शकते. हल्ली स्कूटरवाले बाळगतात तो हातात मावणारा बॅटरीचा पंप याच कारणाने इथे निरुपयोगी. त्याच्यावर १५० पीएसआय असं झोकात लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, पण हवा येते ती बारीक धारेने.

लोंढा वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वॉल्व्हच्या आतला सुईसारखा कोअर काढून टाकणं. सायकलच्या बारीक, प्रेस्टा म्हणतात त्या वॉल्व्हमधून हवा या कोअरच्या भोवतीच्या सांदीतून जाते. तो काढला की पूर्ण नळी मोकळी. कोअर काढायची चावी दोन-तीन बोटांएवढी असते आणि ट्यूबलेस वापरणाऱ्याने ती ठेवावीच. बऱ्याच टायरांना कोअर काढणं, साबण आणि उभ्या पंपाचे न थांबता मारलेले जलद दट्टे एवढं पुरतं. त्याने नाही जमलं तर दुसरा माणूस हाताशी घ्या: एकाने टायर दोन्ही बाजूंनी बाहेर ओढून धरायचं, दुसऱ्याने पंप हाणायचा.

तरीही नाही, तर चाक काखोटीला मारून नाक्यावर जायचं. पिशवीत एक गोष्ट हवी: कोअर परत लावल्यावर प्रेस्टावर चढणारी छोटी पितळी टोपी, जिच्यामुळे स्कूटरचं हवेचं तोंड त्यावर बसतं. पेट्रोलपंपावर हवा फुकट मिळते, तशी सोय ठेवणं पंपांना बंधनकारकच आहे. पण तिथलं डिजिटल मशीन या कामाला सहसा कुचकामी ठरतं. ते थोडी हवा सोडतं, थांबून दाब मोजतं, परत थोडी सोडतं. त्या थांबण्यातच आपली हवा निघून जाते. काही मशीनांना हवा पूर्ण गेलेल्या टायरसाठी वेगळं बटण असतं, ते दाबून बघावं. त्यापेक्षा कुरारच्या किंवा मालवणीच्या गल्लीतला जुना टाकीवाला पंक्चरवाला बरा. त्याला एवढंच सांगायचं, “चाचा, एकदम से हवा छोडो.” आणि टायर बसल्याबरोबर त्याला थांबवायचं, कारण त्याला स्कूटरची सवय, आणि आपल्या रिमची मर्यादा वेगळी.

घरीच टाकी हवी असेल तर टाकी जोडलेले उभे पंप मिळतात. दांडा मारून मारून दीड-एक लिटरच्या टाकीत १० बारपर्यंत हवा साठवायची आणि खटका दाबून एकदम सोडायची. महाग आहेत, एकट्याने घेण्यापेक्षा बिल्डिंगमधल्या चार सायकलवाल्यांनी मिळून घ्यावा. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीला नळ्या जोडून हीच टाकी फुकटात करायची एक शक्कल चालते. करू नका. बाटली एकदा-दोनदा टिकते, मग ओरखड्यापाशी फाटते, आणि तेव्हा आपलं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर असतं. कडांमध्ये पेट्रोल किंवा स्प्रे मारून काडी लावायचा जो प्रकार मोठ्या गाड्यांच्या टायरवाल्यांकडे दिसतो, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

बिनखर्चाची आणि भरवशाची युक्ती वेगळीच आहे. टायरात चक्क ट्यूब घाला. ट्यूबने दोन्ही कडा बैठकीवर बसतील. एखादी रात्र तसंच ठेवा, घडीचे उरलेसुरले पीळही जातील. सकाळी हवा काढून एकाच बाजूची कड अंगठ्यांनी सोडवा, ट्यूब बाहेर ओढा, वॉल्व्ह बसवा आणि ती कड परत चढवा. आता एक बाजू आधीच बंद आहे, गळती निम्म्यावर आली आहे. साध्या पंपाने न बसणारी बरीच टायरं या एका फरकाने बसतात. ज्याच्याकडे कॉम्प्रेसर नाही त्याने बाकीच्या भानगडींत पडण्याआधी हेच करावं, असं माझं मत.

कडा बसताना आवाज होतो. आधी फुसफुस थांबते, टायर गोल होतं, काटा २०-२५ पीएसआयच्या पुढे सरकतो, आणि मग टक्‌ करून कडेचा एक भाग उंचवटा ओलांडून बैठकीवर पडतो. पाठोपाठ दुसरा, तिसरा. घट्ट टायरात हा आवाज फटाक्याएवढा होतो. दुपारी केलंत तर शेजारचे काका दार उघडून बघतील. आवाज थांबले म्हणजे काम झालं असं मात्र नाही. टायरच्या बाजूला, रिमच्या काठाला समांतर अशी एक बारीक उठावाची रेघ साच्यातूनच आलेली असते. चाक हळू फिरवत ती दोन्ही बाजूंनी बघा. रेघ सगळीकडे काठापासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे ती रिमखाली बुडाली असेल तर तिथे कड अजून खाचेत आहे, आणि त्या अवस्थेत चालवलं तर चाक दर फेऱ्याला उडी मारील. हवा सोडा, त्या जागी पुन्हा साबण लावा, बोटांनी टायर बाहेर ओढा आणि पुन्हा भरा.

नुसता दाब वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ३२ मिलिमीटरच्या टायरात ५० पीएसआय असताना एका कडेवर सगळ्या घेरात मिळून अर्ध्या टनाहून जास्त रेटा असतो. टायरवर एक कमाल आकडा छापलेला असतो, रिमवर दुसरा. दोन्हींतला जो कमी तो आपला. भिंतीला आतून हूक नसलेल्या, ज्यांना हुकलेस म्हणतात त्या रिमांना युरोपीय मानकाप्रमाणे ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही सरसकट मर्यादा आहे. टायर उडालं तर कानाला आणि डोळ्याला इजा होते, म्हणून चष्मा असू द्या आणि तोंड चाकाच्या बाजूला नेऊ नका.

कडा बसल्या की वॉल्व्हमधून हवा जाऊ द्या. नीट बसलेल्या कडा सहसा बैठक सोडत नाहीत. मग उघड्या नळीतूनच सीलंट, म्हणजे गळती बुजवणारा तो चीक, ओता: ३२ मिलिमीटरला ४०-५० मिलिलिटर, डोंगरी टायरला १०० च्या आसपास. कोअर लावा, हवा भरा. सीलंट आधी ओतून मग कॉम्प्रेसरने बसवायला गेलात तर फसलेल्या प्रयत्नाला तो पांढरा चीक भिंतीवर, पडद्यावर आणि पंक्चरवाल्याच्या शर्टावर उडतो.

बहुतेक सीलंट म्हणजे नैसर्गिक रबराचा चीक, केरळच्या मळ्यांत झाडाला खाच पाडून काढतात तोच. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया असतो, शिवाय भोकात अडकून बसतील असे बारीक कण. भोकातून हवा सुटू लागली की चीक तिथे ओढला जातो, उघड्यावर गोठतो आणि बूच तयार होतं. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांनी हवा भरली तर बरीचशी सीलंटं आतच गोठतात, हे बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. भरून झाल्यावर चाक हलवा, फिरवा, मग बादलीवर आडवं ठेवा, थोड्या वेळाने उलटं. कडेला बारीक बुडबुडे दिसतील ते विरत जातील. पण आऱ्यांच्या मुळाशी ओल दिसली तर टेप चुकली आहे. सीलंट वाढवून ते निस्तरणार नाही, सगळं उतरवून टेपपासून सुरुवात. लगेच पाच-सहा किलोमीटरचा फेरफटका मारणं उत्तम, त्याने सीलंट सगळीकडे पसरतं. पहिले काही दिवस रोज थोडी हवा उतरेल, त्याचं मनावर घेऊ नये.

सीलंट वाळतं. सायकल उन्हाच्या गॅलरीत उभी राहत असेल तर दोन-तीन महिन्यांतही वाळेल. चाक कानाजवळ धरून हलवलं आणि आत डुचमळलं नाही तर वॉल्व्हमधून थोडं टाका. मोठ्या भोकाला पट्टी लागते, पण स्कूटरची जाड पट्टी सायकलच्या पातळ टायरात भोकच मोठं करते. सायकलसाठी बारीक पट्ट्यांचा वेगळा संच येतो. आणि टायर काचेने चिरलंच, तर मनोरीच्या रस्त्यावर उभं राहून वॉल्व्हची चकती बोटांनी सोडवून सरळ ट्यूब घालायची. घालण्याआधी टायरच्या आतून फडका फिरवा, बोट नको. गेल्या कित्येक महिन्यांत सीलंटने गुपचूप बुजवलेले काटे आणि काचा अजून तिथेच असतात, आणि नव्या ट्यूबला पहिल्याच शंभर मीटरमध्ये भेटतात.